दोन टेबलांचा तक्ता

चौपन्नाव्या वर्षी मी एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यात आधी शिपायाला संशय आला.

नामदेव आमचा शिपाई. पोस्टानं आलेला पुस्तकांचा गठ्ठा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, वरचं ‘लोकप्रशासन’ हे नाव वाचलं, गठ्ठा पुन्हा उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि दार लोटून हळूच म्हणाला, “भाऊसाहेब, कुणावर हाय हे?”

“कुणावर म्हणजे?”

“एवढा अभ्यास माणूस उगंच करत न्हाय की. कुणाच्या तरी मागं लागलाय तुम्ही.”

मी तेव्हा तहसील कार्यालयात अव्वल कारकून होतो. कोल्हापूर जिल्ह्यातलंच कार्यालय, पण कुठल्या तालुक्यातलं ते सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसानं दूरशिक्षणातून पदवी घ्यायची, दर रविवारी शहरातल्या कॉलेजात जाऊन बाकावर बसायचं, यात काहीतरी काळंबेरं असणार यावर ऑफिसचं लगेच एकमत झालं. मतभेद फक्त तपशिलात होते. एका गटाचं म्हणणं, माने लाचलुचपतवाल्यांना सामील झालाय. दुसऱ्या गटाचं, निवृत्तीनंतर हा माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकत बसणार, त्याची ही पूर्वतयारी. बायकोनं वेगळीच दिशा धरली. “रविवारच्या वर्गाला बायका किती असतात?” एवढाच प्रश्न तिनं विचारला. मी “सात” म्हणालो, तर म्हणाली, “मोजल्यात म्हणजे.”

खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. आज सांगतो. लेकीचं लग्न ठरलं, बैठकीला आमचे व्याही आले. स्वभावानं देवमाणूस. पण ओळख करून देताना त्यांचा भाऊ म्हणाला, “आमचे दादा एम.ए. आहेत.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “मी अव्वल कारकून.” चहाचा पहिला कप त्यांच्याकडे गेला. एवढ्यावरून माणूस दोन वर्षं अभ्यास करतो. हे नामदेवाला सांगितलं असतं तर त्याचा संशय आणखी वाढला असता.

आता आमच्या धंद्याविषयी दोन शब्द. बाहेरच्या माणसाला वाटतं कारकुनाचं काम लिहिण्याचं. ते चूक. कारकुनाचा पगार संशय घेण्याचा असतो. पुरवठा शाखेत, म्हणजे रेशनकार्डाच्या टेबलाला, मी पूर्वी आठ वर्षं काढली. समोर येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि तो खरं बोलतोय हे त्याच्याकडूनच सिद्ध करून घ्यायचं. दोघे भाऊ विभक्त झालो म्हणून वेगवेगळं कार्ड मागायला यायचे. खरंच विभक्त की कागदावर, हे बघायला आम्ही घरी जायचो. चुली दोन पाहिजेत, हा नियम.

असाच कर्नाटक सीमेकडच्या एका गावात गेलो. घरात मधे पडदा, पडद्याच्या दोन्ही अंगाला एकेक शेगडी. मी वाकून बघितलं तर दोन्ही शेगड्यांच्या नळ्या एकाच सिलेंडरला जोडलेल्या. झालं! मी तिथंच वही काढून लिहिलं, ‘विभक्तपणा संशयास्पद.’ धाकट्याची बायको पडद्याआडून कडाडली, “साहेब, गेली नऊ वर्सं आमी एकमेकांचं तोंड बगितलं न्हाय. सिलेंडर एकच हाय, कारण बुकिंग करायला बोलावं लागत न्हाय!” मी तरीही अर्ज नामंजूर केला. वरच्या साहेबांनी अपिलात मंजूर केला आणि शेरा मारला, ‘संबंधित कारकुनाने नळीऐवजी माणसे पाहावीत.’ तो शेरा मी पुढं कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. त्यात विनोद नव्हता, हे कळायला एम.ए. करावं लागलं.

पहिल्या वर्षाचा निकालही ऐका. जर्मन साहेबाचे सिद्धांत, अमेरिकन साहेबाचे सिद्धांत, सगळ्यात पास. नापास एकाच विषयात, ‘कार्यालयीन व्यवस्थापन’. जे मी तीस वर्षं रोज करत होतो त्यात! प्रश्न होता, ‘अधिकाराचे प्रत्यायोजन म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा.’ मी अनुभवानं लिहिलं, वरच्याचं काम खालच्यानं करणं आणि चुकलं तर खालच्यानंच खुलासा देणं. उदाहरणादाखल स्वतःचे दोन खुलासे दिले. ऑफिसात बातमी फुटली. सगळ्यांना हायसं वाटलं. नापास होणारा माणूस कुणाचा हेर असू शकत नाही.

दुसऱ्या वर्षी तो राहिलेला विषय सोडवून लघुशोधप्रबंधही लिहायचा होता. माझे मार्गदर्शक एक तरुण प्राध्यापक, वयानं माझ्या लेकीएवढे. ते मला काका म्हणायचे, मी त्यांना सर. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “काका, एक स्पष्ट विचारतो. कॉलेजच्या मागं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं तयार प्रबंध बांधून मिळतात. तुम्ही तसलं काही करणार नाही ना?”

मला राग आला. इतका की मी तिथंच ठरवलं, असा प्रबंध लिहायचा की ह्या पोराचे डोळे पांढरे झाले पाहिजेत. विषय घेतला आमच्याच ऑफिसचा. पुरवठा शाखेत दोन टेबलं होती. अर्ध्या गावांचं काम विलास चौगुलेकडं, अर्ध्यांचं मगदूमबाईंकडं. कुणाच्या टेबलाला अर्ज किती दिवस पडून राहतो, ते मोजायचं.

मोजायला साधन तयारच होतं. ऑफिसात आलेला प्रत्येक कागद एका नोंदवहीत तारीख आणि नंबर घालून चढवतात, तिला आम्ही बारनिशी म्हणतो. आता ती कॉम्प्युटरवरही असते, पण वही सुटलेली नाही. अर्ज बारनिशीला चढला की घड्याळ सुरू आणि निकाली निघाला की बंद. मधले दिवस मोजायचे, एवढंच. वर्षभराच्या बारनिश्या घेऊन मी रोज ऑफिस सुटल्यावर तासभर बसायचो.

तक्ता तयार झाला आणि मी खुर्चीतून उठलो. चौगुलेकडं अर्ज सरासरी दोन दिवसांत निकाली. मगदूमबाईंकडं बेचाळीस!

मगदूमबाई पंचावन्नच्या. माहेर सीमेपलीकडं, त्यामुळं थोरल्या बहिणीचा फोन आला की “अक्का, नंतर माताडतीन” असं अर्धं कानडी बोलायच्या. बावीस वर्षं त्याच पदावर. त्या वर्षी त्यांचं नाव पदोन्नतीच्या यादीत यायचं होतं. म्हणजे माझ्यासारखं अव्वल कारकून व्हायचं होतं. माणूस तीन वर्षांनी निवृत्त होणार असेल तर ही शेवटची गाडी असते.

बेचाळीस दिवस हा आकडा डोक्यात शिरला आणि मला बाईंच्या प्रत्येक हालचालीत अर्थ दिसायला लागला. त्यांचा ड्रॉवर कायम कुलूपबंद का असतो? चौगुलेकडं माणूस उभ्या उभ्या येऊन जातो, बाईंच्या टेबलाशी लोक बाकावर तासन् तास का बसतात? एके दिवशी तर माझ्या डोळ्यांदेखत हुपरीचा एक माणूस आला, इकडंतिकडं बघून त्यानं पिशवीतून एक लहानशी पुठ्ठ्याची डबी काढली आणि बाईंसमोर ठेवली. डबीवर गुलाबी कागद. हुपरीची गुलाबी डबी म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. चांदीचे पैंजण! बाईंनी डबी उघडली, आत बघितलं आणि त्या माणसाला बसायला सांगितलं.

मी चौगुलेला बोलताबोलता विचारलं, “मॅडमच्या टेबलाला फार वेळ लागतो, नाही का?”

चौगुले मान खाली घालून म्हणाला, “जाऊ द्या की भाऊसाहेब. बाईमाणसाबद्दल आपण कशाला बोलायचं?”

न बोलता तो जे बोलला, ते मी खरं धरलं. प्रबंधात नाव घातलं नाही, पण ‘टेबल क्रमांक दोन येथील विलंबामागे अनिष्ट हेतूची शक्यता नाकारता येत नाही’ असं वाक्य घातलं. ह्या वाक्यावर मी इतका खूश होतो की घरी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “तुम्ही विचारलं काय त्या बाईला?”

“शोधनिबंधात तसं विचारत नसतात.”

“मग कसं करतात?”

“आकड्यांवरून.”

मार्गदर्शक सरांनीही जवळपास हेच विचारलं होतं. “काका, हा आकडा भरतं कोण?” मी म्हणालो, “ज्याचं टेबल तोच.” ते म्हणाले, “मग हे जरा तपासून घ्या.” मला वाटलं, हे अजून झेरॉक्सच्या दुकानावरच अडकलेत. मी प्रबंध बांधून दिला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही फक्त माझी फजिती झाली असती. पण व्याह्यांना दाखवायच्या आधी मला साहेबांना दाखवायची घाई झाली. आमचे तहसीलदार साहेब तरुण, हुशार, तक्त्याचे भोक्ते. प्रत चाळताना ते तक्त्याच्या पानावर थांबले. “माने, हे तुम्ही केलं? हे तर सोनं आहे!” नोकरीत मला कुणी सोनं म्हटलेलं नव्हतं. मी प्रत तिथंच ठेवून आलो.

पुढच्या सोमवारी आढावा बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर तो तक्ता वाचला. चौगुलेचं अभिनंदन. मग, “मगदूम मॅडम, उभ्या राहा. बेचाळीस दिवस कशाला लागतात?”

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, एकेका अर्जाचं सांगू काय?”

“एकेकाचं नको. सरासरीचं सांगा.”

“सरासरीला कारण नसतंय सर. अर्जाला असतंय.”

कुणीतरी हसलं. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. त्या आठवड्यात बाईंना कारणे दाखवा नोटीस गेली आणि गोपनीय अहवालात शेरा पडला, ‘कामाचा उरक असमाधानकारक’. बाहेरच्यांसाठी सांगतो, गोपनीय अहवाल म्हणजे आमचं वर्षाचं प्रगतिपुस्तक. असा एक शेरा असला की पदोन्नतीच्या यादीतून नाव आपोआप गळतं. यादी निघायला दोन महिने होते.

बैठकीनंतर बाई माझ्या टेबलाशी आल्या. मी फाईलमध्ये डोकं घातलं. “भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्ही वर्षभराच्या वह्या वाचल्या. माझ्या टेबलाला येऊन एक दिवस बसला असता तर?” आणि गेल्या. मला वाटलं, पकडला गेलेला माणूस असंच बोलतो.

मग पौर्णिमा आली. चौगुले दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचा. त्या वेळी आईला घेऊन गेला आणि दोन दिवस रजा टाकली. त्याच्या टेबलाचा कार्यभार माझ्याकडं. पहिल्याच सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला पटका, हातात चुरगळलेली झेरॉक्स.

“पावणं, माझ्या नातवाचं नाव चढलं काय कार्डात?”

“अर्ज कधी दिलाय?”

“पावसाळ्यात, बेंदराच्या आधी दिलता की. आता दिवाळी आली.”

मी बारनिशी चाळली. त्यांचं नाव नाही. मी संशयानं म्हणालो, “आजोबा, तुम्ही अर्ज दिलेलाच नाही.”

“दिला न्हाय? अवो ह्या टेबलाव ह्या हातानं दिलाय! त्या साह्यबानं त्या कपाटात ठेवला, मी बघितलंय.”

मी कपाट उघडलं. खालच्या खणात लाल रुमालात बांधलेले तीन गठ्ठे होते. गाठ सोडली. अर्ज, नुसते अर्ज! प्रत्येकावर माणसानं स्वतःच्या हातानं घातलेली तारीख. चार महिन्यांपूर्वीची, सहा महिन्यांपूर्वीची. एकावरही बारनिशीचा नंबर नाही. आजोबांचा अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात मिळाला. त्याला एक जन्मदाखला कमी होता, बस्स.

चौगुलेचे दोन दिवस कसे होते ते मला तिथं, कपाटापुढं उकिडवा बसलेलो असताना समजलं. कागद अपुरा असेल तर तो अर्ज चढवायचाच नाही. माणसाला तोंडी सांगायचं, पूर्ण करून आणा. तो बिचारा फेऱ्या मारत बसतो. सगळं पूर्ण झालं की आज चढवायचा, उद्या निकाली काढायचा. वहीत दोन दिवस. माणसाच्या आयुष्यातले सहा महिने वहीला माहीतच नाहीत.

मी उठून मगदूमबाईंच्या टेबलाचं कपाट उघडलं. बाई जेवायला गेल्या होत्या. माझ्या तक्त्यात जो अर्ज सगळ्यात जास्त दिवस प्रलंबित दिसत होता, तो मी नंबरावरून शोधून काढला. हुपरीच्या माणसाचाच निघाला. त्याची लेक आमच्या तालुक्यात दिलेली, नवऱ्यानं टाकलेली. सासरच्या कार्डातून तिचं नाव कमी झाल्याशिवाय बापाच्या कार्डात चढत नव्हतं आणि सासरचे मूळ कार्ड द्यायला तयार नव्हते. अर्ज आला त्याच दिवशी बाईंनी तो चढवला होता. मग सासरच्यांना पत्र, दुसरं पत्र, रेशन दुकानदाराचा जबाब, तलाठ्याचा अहवाल, सगळं तारखेनिशी. आणि एका पानावर बाईंच्या बारीक अक्षरात टिप्पणी: ‘अर्जदाराने कागदपत्रे पैंजणाच्या डबीत घालून आणली. कागद काढून घेऊन रिकामी डबी परत केली.’ खाली त्या माणसाची सही.

म्हणजे बाईंनी डबीचीसुद्धा पोच घेतली होती. मी फाईल बांधून होती तशी कपाटात ठेवली.

चौगुले वाडीहून आला, टेबलावर पेढे ठेवले. मी रुमाल त्याच्यासमोर ठेवला. तो गडबडला नाही. म्हणाला, “बंद करा भाऊसाहेब, लोक बघतील.”

“ही काय पद्धत झाली, विलास?”

“आता मला विचारताय व्हय? पंधरा वर्षांमागं मी नवीन लागलो. तुम्ही ह्याच टेबलाला होता. पहिल्या दिवशी मी एक अपुरा अर्ज चढवला, तर तुम्ही माझ्या हातातला पेन काढून घेतला. म्हणाला, ‘येड्या, पूर्ण झाल्याशिवाय चढवायचा न्हाय, आपल्या अंगावर प्रलंबित दिसतंय.’ हा लाल रुमालसुद्धा तुमचाच हाय. मी नुसता धुतला.”

मला ते आठवत नव्हतं, आणि तो खरं बोलतोय याबद्दल शंकाही नव्हती. ते वाक्य माझंच होतं. माझ्या आवाजात मला ऐकू आलं. मी पुरवठा शाखेत असताना माझ्याही कामाचा उरक फार चांगला होता. तसे शेरे आहेत.

चौगुले लोकांकडून काही घेत होता का, हे वाचकांना विचारावंसं वाटेल. मला माहीत नाही. संशय आहे, पण माझ्या संशयाचा भाव तोवर मला कळला होता.

मी साहेबांकडं गेलो. “सर, माझा तक्ता चुकलाय. उलटा आहे.” सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, मग दार बंद करायला लावलं.

“माने, खरं सांगा. मॅडमनी कुणाकरवी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही सर.”

“मग चौगुल्याशी काही बिनसलंय?”

“नाही सर.”

“गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात हे बरोबर, आता म्हणताय ते बरोबर. मी कुठलं धरू?” मग आवाज उतरवून म्हणाले, “चौगुल्याच्या टेबलाची प्रलंबितता शून्य म्हणून वर कळवलंय. आता मी कळवू, की कपाटात तीन गठ्ठे आहेत? ते चौगुल्याला चढवायला सांगतो. तुमचा विषय संपला.”

दोन दिवसांत चौगुलेनं सगळे गठ्ठे चढवले. सगळ्या अर्जांना एकाच आठवड्याची तारीख. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाईंच्या अहवालातला शेरा मात्र तसाच राहिला.

दरम्यान माझी तोंडी परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंधावर बेहद्द खूश. “प्रत्यक्ष कार्यालयातली आकडेवारी! फार दुर्मिळ!” मी म्हणालो, “सर, निष्कर्ष चुकीचा आहे.” ते चष्म्यावरून बघायला लागले. मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. मग ते मार्गदर्शकांकडं वळून म्हणाले, “स्वतःचा प्रबंध चूक आहे म्हणणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा बघतोय. हा यांनीच लिहिलाय ना?”

दोन वर्षांत एकदाच खरं बोललो, तर प्रबंध विकत घेतल्याचा वहीम आला. कसाबसा पास झालो. बाहेर व्हरांड्यात मार्गदर्शक सर माझ्यामागं आले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात संशय नव्हता. “काका, हे आम्हाला सांगून त्या बाईंना काय उपयोग? जिथं त्यांचा शेरा पडलाय तिथं लेखी द्या.”

लेखी. कारकुनाला ह्या शब्दाचा अर्थ बरोबर कळतो. तोंडी चूक कबूल करायला काही लागत नाही. आमच्या खात्यात प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध वरच्या कार्यालयाकडं दाद मागता येते. बाईंनी ती मागितली होती, पण सोबत जोडायला पुरावा नव्हता. पुरावा द्यायचा तर मला लिहावं लागणार होतं, की कागद न चढवण्याची पद्धत ह्या टेबलाला मी स्वतः पाडली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. चौकशी लागली असती तर पेन्शनचे कागद कुठल्या रुमालात जाऊन पडले असते, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी तीन दिवस तो मजकूर लिहीत आणि फाडत होतो. बायको म्हणाली, “पुन्हा परीक्षा आहे का?” मी हो म्हणालो.

चौथ्या दिवशी निवेदन घेऊन मी मगदूमबाईंच्या टेबलाशी गेलो. बैठकीनंतर आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी कागद घेतला, एकदा वाचला, उलटून मागं काही आहे का बघितलं, पुन्हा वाचला.

“ह्यात तुमचा काय डाव हाय?”

“डाव नाही मॅडम.”

“‘ही पद्धत मी स्वतः सुरू केली.’ असं कोण लिहितंय काय? उद्या म्हणाल, बाईनं जबरदस्तीनं लिहून घेतलं.”

“नाही म्हणणार.”

“आधी पण वाटलं नव्हतं, तुम्ही माझ्याबद्दल असलं काय म्हणाल.” त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. “मोठ्यानं वाचा.”

शाखेत पाच-सहा माणसं होती. चौगुले समोरच. नामदेव पाण्याची घागर घेऊन दारात उभा. मी वाचलं. माझा तक्ता, लाल रुमाल, अनिष्ट हेतूचं वाक्य, सगळं. वाचून झाल्यावर मी कागद त्यांच्या हातात द्यायला लागलो, तर त्यांनी हात मागं घेतला.

“असा हातात न्हाय. आधी बारनिशीला चढवा. माझ्यासमोर. नंबर टाका, तारीख टाका. मग त्याची प्रत मी घेते.”

अख्खा कबुलीजबाब द्यायला निघालो होतो, तोसुद्धा न चढवता! सवय हो. नामदेवानं वही आणून माझ्यापुढं उघडली. मी नंबर टाकला. घाईत आकडा गिचमिड झाला, तर बाई म्हणाल्या, “नीट काढा. परत वाचता आला पाहिजे.”

त्या वर्षीची यादी निघाली, तीत बाईंचं नाव नव्हतं. ते मी परत आणू शकलो नाही, आणि त्याबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं विनोदी काही नाही. पुढच्या वर्षी वरून शेरा काढून टाकल्याचं पत्र आलं. बाईंची पदोन्नती झाली, जी बाविसाव्या वर्षी व्हायची ती तेविसाव्या वर्षी. माझा खुलासा मागवला गेला, मी दिला. प्रत्यायोजनाच्या उत्तरात लिहिला होता तसलाच, फक्त ह्या वेळी चूक वरच्याची नव्हती. चौकशी पुढं गेली नाही. का नाही, हे मी कुणाला विचारलेलं नाही. चौगुलेची बदली झाली. जाताना पेढ्यांचा बॉक्स ठेवून गेला, मी तो उघडून आत बघितल्याशिवाय घेतला नाही. व्याह्यांना मी एम.ए. झाल्याचं सांगितलं. ते मनापासून म्हणाले, “अरे वा, या वयात! पण कशासाठी?”

निवृत्तीनंतर आम्ही कोल्हापुरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, म्हणून रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा होता. मी शहराच्या पुरवठा कार्यालयात गेलो. रांगेतून पुढं सरकत खिडकीशी पोचलो, तर आतल्या टेबलावर मगदूमबाई, बदलीवर आलेल्या. निवृत्तीला त्यांचे थोडेच महिने उरले असतील. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. अर्ज घेतला आणि एकेक कागद उलटायला लागल्या, जसा मी आयुष्यभर लोकांचा उलटत आलो तसा.

“लाइट बिल बिल्डरच्या नावावर हाय.”

“ते व्हायचंय अजून, मॅडम.”

“खरेदीखताची प्रत?”

“घरी राहिली.”

“चौतीस वर्षं नोकरी केली की तुम्ही.”

मागं रांगेतला एक माणूस हसला. मी हात पुढं केला. “द्या, पूर्ण करून घेऊन येतो. तोवर चढवू नका. उगाच तुमच्या अंगावर प्रलंबित दिसेल.”

बाईंनी अर्ज दिला नाही. वही जवळ ओढली, माझं नाव लिहिलं, नंबर टाकला, अर्जावर शिक्का मारला आणि पोच फाडून खिडकीतून माझ्या हातात दिली.

“कागद सावकाश आणा,” त्या म्हणाल्या. “आणि तक्ता करणार असला, तर माझे दिवस आजपासून धरा.”